आता तो कुठवर पोचला असेल?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतल्या एका नऊ वर्षांच्या पोराला कुत्रं चावलं. फटाक्यांनी बिथरलेलं होतं की पिसाळलेलं, कुणालाच सांगता येईना. चावून ते ओढ्याकडे पळालं आणि दिसेनासं झालं. पोराच्या उजव्या पोटरीत दोन दात खोल रुतले होते, शेजारी एक लांब ओरखडा. त्याची आजी घरातून तिखटाचा डबा घेऊन धावत आली. मी तो डबा त्यांच्या हातातून काढूनच घेतला, पोराला अंगणातल्या नळाखाली बसवलं आणि अंगाचा साबण घेऊन जखम धुवायला लागले.

अशी जखम पंधरा मिनिटं धुवायची असते. सांगायला सोपं आहे. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला रक्त थांबतं, जखम स्वच्छ दिसायला लागते आणि भोवती जमलेला प्रत्येक जण ‘झालं की आता, गाडी काढा’ म्हणतो. मी फोन कठड्यावर ठेवून घड्याळ लावलं होतं. साबण, पाणी, पुन्हा साबण. पोरगं आधी मोठ्यानं रडलं, मग हुंदके देत गप्प झालं आणि दहाव्या मिनिटाला त्यानं विचारलं, “काकू, तो आता कुठवर पोचला असेल?”

रेबीजचा विषाणू मेंदूत जातो, एवढं त्यानं शाळेत ऐकलं होतं. मी म्हटलं, “अजून इथंच आहे बाळा, पोटरीतच. आपण त्याला इथंच गाठतोय.”

ते उत्तर खरं होतं. ते का खरं होतं हे एकदा नीट समजलं, की कुत्रं चावल्यावर जे जे करायला सांगतात त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण समजतं. कारण समजलेला माणूस पंधरा मिनिटं धुतो, तीन मिनिटांत उठत नाही. म्हणून हे सगळं लिहिते आहे.

कृती आणि वेष्टन

जिवाणू आणि विषाणू ही नावं आपण एका दमात घेतो, पण दोघांत फार अंतर आहे. जिवाणू ही एक पूर्ण पेशी असते. ती खाते, वाढते, दुभंगते. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन रातोरात लाखोंनी वाढतात, म्हणून सकाळी दही लागलेलं असतं. विषाणू दुधात टाकला तर एकाचे दोन होणार नाहीत. त्याला खाता येत नाही, वाढता येत नाही, जागचं हलताही येत नाही. त्याच्याजवळ असते फक्त एक कृती, आपल्यासारखे आणखी विषाणू कसे बनवायचे याची, आणि ती कृती एखाद्या पेशीच्या आत पोचवण्यापुरतं वेष्टन. चूल, भांडी, सरपण, शिधा, सगळं त्या पेशीचं.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला सपाट. लांबी मिलिमीटरच्या साधारण पाचहजाराव्या भागाएवढी. त्याची सगळी कृती आरएनए नावाच्या एका धाग्यावर लिहिलेली असते आणि तिच्यात जनुकं असतात अवघी पाच. माणसाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं असतात. पाच जनुकं, म्हणजे पाच प्रथिनं: धाग्याला गुंडाळून जपणारं एक, धाग्याच्या नकला काढणारं एक, त्याला हाताशी लागणारं एक, सगळं बांधून आकार देणारं एक, आणि बाहेरचे काटे ज्याचे बनतात ते एक. एवढ्या सामानावर हा विषाणू माणसाचा जीव घेतो. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजमधून वाचलेली माणसं जगभरात अगदी मोजकी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढं आयुष्यभराचं अपंगत्व आलं.

वेष्टनाकडे जरा बारकाईनं बघू, कारण नळाखालच्या त्या पंधरा मिनिटांचा संबंध त्याच्याशीच आहे. रेबीजच्या विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध पदार्थाचं असतं. तेही त्याचं स्वतःचं नाही. ज्या पेशीतून तो बाहेर पडतो तिच्याच पापुद्र्याचा तुकडा पांघरून तो निघतो. त्या आवरणात शेकडो काटे रोवलेले असतात. साबण तव्यावरच्या तेलाचं जे करतो तेच या आवरणाचं करतो. आवरण विरघळलं की काटे गळून पडतात आणि काट्यांविना त्याला कुठल्याच पेशीत शिरता येत नाही. म्हणजे साबणानं जखम धुणं ही नुसती स्वच्छता राहत नाही, तिथंच हजारो विषाणू निकामी होत असतात. दात खोल गेलेले असतात, साबणाचं पाणी तिथवर झिरपायला वेळ लागतो, म्हणून पंधरा मिनिटं. (हा उपाय सगळ्याच विषाणूंना लागू पडत नाही. पोलिओच्या विषाणूला हे स्निग्ध आवरणच नसतं.)

तिखट, चुना, हळद, कॉफीची पूड लावण्याची रीत गावोगाव आहे. लावणाऱ्याची माया खरी असते, आजींचीही होती. पण तिखटानं विषाणूचं काही बिघडत नाही. मांस मात्र भाजून निघतं, आणि भाजलेल्या, भरलेल्या जखमेत साबणाचं पाणी नीट उतरत नाही.

दार

विषाणूला पेशीत शिरायचं तर पेशीच्या अंगावर त्याचे काटे जिथं नेमके बसतील अशी जागा लागते. पेशींच्या पृष्ठभागावर निरनिराळी प्रथिनं असतात, ती शरीराच्या रोजच्या कामांसाठी असतात. कुणी निरोप घेतं, कुणी साखर आत ओढतं. प्रत्येक विषाणूचे काटे यांपैकी कुठल्या तरी ठरावीक प्रथिनावर नाहीतर साखरेवर बसतात. फ्लूचे काटे श्वासनलिकेच्या अस्तरावरच्या एका साखरेला चिकटतात, म्हणून फ्लूत खोकला. एचआयव्हीचे काटे प्रतिकारशक्तीच्याच काही पांढऱ्या पेशींवर बसतात, म्हणून एड्समध्ये माणसाची रोगांशी लढायची ताकद जाते. कोविडच्या काळात एसीई-२ हे नाव बातम्यांत सारखं येई, तीही अशीच जागा. विषाणूनं कुठलं दुखणं आणायचं हे बऱ्याच अंशी या दारापाशीच ठरतं.

रेबीजचे काटे स्नायू आणि मज्जातंतू जिथं भेटतात तिथं बसतात. आपण पाय उचलायचं मनात आणलं की मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन पाझरतं, स्नायूवरची प्रथिनं ते पकडतात आणि स्नायू आखडतो. रसायन पकडणाऱ्या या प्रथिनांवरच रेबीजचा विषाणू टेकतो. इथं एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. मण्यार आणि तिच्या कुळातल्या सापांचं विष याच प्रथिनांवर बसतं, म्हणून मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या जड होतात आणि श्वास बंद पडत जातो. रेबीजच्या काट्याचा एक भाग या सर्पविषाच्या रेणूशी मिळताजुळता आहे, हे संशोधकांना १९८०च्या दशकात आढळलं. साप आणि विषाणू, एकमेकांशी काही नातं नाही, आणि दोघांनी बोट ठेवलं ते एकाच जागी.

चावा बसल्यावर लाळेबरोबर विषाणू पोटरीच्या मांसात उतरतो. तिथं तो काही काळ रेंगाळतो, कधी स्नायूच्या पेशीत थोडाफार वाढतोही. हा काळ काही तासांचा असू शकतो, काही आठवड्यांचाही. या मुदतीत तो उघड्यावर असतो आणि त्याला गाठता येतं. मग त्याला मज्जातंतूचं टोक सापडतं. तंतूवरच्या प्रथिनांवर काटे बसले, की पेशी त्याला स्वतःच आत ओढून घेते. पेशी एरवीही बाहेरचे पदार्थ असेच गिळत असते. पापुद्र्याला खळगा पडतो, खळग्याची बंद पिशवी होते, पिशवी आत येते आणि आतून आंबट होत जाते. पेशीच्या परीनं ही पचनाची सुरुवात असते. विषाणूला हवा असतो तो नेमका हा आंबटपणा. आम्ल लागलं की काटे आपला आकार बदलतात, विषाणूचं आवरण आणि पिशवीचा पापुद्रा एकमेकांत मिसळतात, आणि आतला धागा पेशीच्या आत मोकळा होतो.

मीटरभर लांबीची पेशी

आता पोराच्या प्रश्नाकडे येऊ. इथून मेंदू दूर आहे. जायचं कसं?

आपल्या पायाला हलवणारी मज्जापेशी अजब लांब असते. तिचं धड पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असतं, आणि तिथून निघालेला तिचा एकच बारीक तंतू कंबर, मांडी, गुडघा ओलांडून पावलापर्यंत येतो. मोठ्या माणसात ही एकच पेशी जवळजवळ मीटरभर भरते. एवढ्या लांब पेशीत टोकाकडचा माल धडाकडे आणायला शरीरानं सोय केलेली आहे. तंतूच्या आत लांबच लांब रूळ टाकलेले असतात आणि त्यांवरून डायनीन नावाची प्रथिनं ओझी घेऊन पावलापावलानं धडाकडे चालत असतात, हमालांसारखी. मज्जातंतू जगवणारी काही द्रव्यं रोज याच वाटेनं वर जातात. रेबीजचा विषाणू याच हमालांच्या पाठीवर बसतो.

वेग दिवसाला साधारण १ ते १० सेंटिमीटर. नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटरीपासून कण्यापर्यंत अर्धा-पाऊण मीटर धरा. म्हणजे तंतूत शिरल्यावर कण्यापर्यंत जायला आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो, शिवाय आधी मांसात रेंगाळलेला काळ वेगळा. म्हणूनच चावा आणि पहिलं लक्षण यांत बहुतेक वेळा दोन-तीन महिने जातात. कधी आठवडाभरच लागतो, कधी वर्षसुद्धा. चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा डोक्यावर असेल तर वाट फार थोडी उरते. आणि कुत्र्याच्या तोंडाशी चेहरा येतो तो लहान मुलांचा, त्यांच्या उंचीमुळे. रेबीजनं दगावणाऱ्यांत दहांतली चार पंधरा वर्षांखालची मुलं असतात. मुलं घाबरून घरी सांगत नाहीत, ही त्यातली आणखी एक गोष्ट. पोराला ओरडायचं नाही, हे प्रत्येक घरात आधीच बोलून ठेवायला हवं.

या सगळ्या प्रवासात माणसाला काहीही होत नाही. ताप नाही, सूज नाही, थकवा नाही. जखम भरून येते, खपली पडते. घरचे म्हणतात, बघा, काही झालं नाही. हे समजायला आजारपण म्हणजे काय ते बघावं लागेल. फ्लूत आपल्याला जो ताप येतो, अंग मोडून येतं, जेवण नको होतं, त्यातलं बरंचसं काम विषाणूचं नसतं. पेशीत परका आरएनए दिसला की पेशी इंटरफेरॉन नावाची रसायनं सोडून आसपासच्या पेशींना सावध करते, पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यांच्या रसायनांनी मेंदू अंगाचं तापमान चढवतो. म्हणजे ती बोंब आपल्याच शरीरानं ठोकलेली असते. रेबीजचा विषाणू ही बोंब उठूच देत नाही. त्याच्या पाच प्रथिनांपैकी एक प्रथिन इंटरफेरॉनचा निरोप पेशीत मधल्यामध्ये अडवतं. शिवाय तो ज्या मज्जापेशीत असतो तिला मारत नाही. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं अस्तर उद्ध्वस्त करत पुढं जातो. याला मज्जापेशी धडधाकट हवी असते, कारण पेशी मेली की त्याची वाटच तुटते.

मज्जापेशीच्या धडाशी पोचल्यावर मग कृती उघडली जाते. इथं एक अडचण असते. या विषाणूचा धागा पेशीला सरळ वाचता येत नाही. सरकारी कचेरीतला रबरी शिक्का उलटा धरून बघा, अक्षरं उलटी दिसतात. कागदावर उठवल्याशिवाय त्यातलं काही वाचता येत नाही. रेबीजचा आरएनए हा असा शिक्का असतो. म्हणून नक्कल काढणारं प्रथिन तो बरोबर घेऊनच येतो. ते आधी सुलट ठसे उठवतं. पेशीची प्रथिनं बनवणारी यंत्रणा ते ठसे वाचते आणि आपल्या कामाचे समजून मुकाट विषाणूचे भाग घडवायला लागते. हे काम पेशीत जिथं चालतं तिथं गोल डाग दिसतात. इटलीतल्या अ‍ॅडेल्ची नेग्री यांनी १९०३ मध्ये ते प्रथम पाहिले. त्यांना तो एखादा परजीवी वाटला होता. तो विषाणूचा कारखाना आहे हे कळायला पुढं बरीच दशकं गेली. पण त्या डागांवरून पिसाळलेल्या कुत्र्याच्या मेंदूचं निदान मात्र लगेच व्हायला लागलं आणि कित्येक वर्षं तसंच होत राहिलं.

नवे विषाणू त्या पेशीतून तिला जोडलेल्या वरच्या पेशीत जातात, तिच्यातून त्याच्या वरच्या. पेशी जिथं एकमेकींशी बोलतात त्याच सांध्यांवरून, आणि ठरलेल्या एकाच दिशेनं. ही शिस्त इतकी पक्की आहे की मेंदूची कुठली पेशी कुठल्या पेशीला जोडलेली आहे हे शोधायला प्रयोगशाळेत आज याच विषाणूचं बदललेलं रूप वापरतात.

मेंदूत

पहिली खूण बहुतेकदा जुन्या जखमेपाशीच उमटते. भरून आलेल्या जागी मुंग्या येतात, खाज सुटते, आग होते. तिथली संवेदना वाहणाऱ्या मज्जापेशींत विषाणू वाढायला लागलेला असतो. मग ताप, बेचैनी, झोप उडणं. आणि मग ज्याच्यामुळं हा रोग हजारो वर्षं ओळखला गेला ते पाण्याचं भय. रोग्याला तहान लागलेली असते. पण घोट घ्यायला गेलं की घशाचे आणि श्वासाचे स्नायू एकदम आवळले जातात. गिळणं आणि श्वास यांचा मेळ घालणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागाचा ताबा गेलेला असतो. एकदोनदा असं झालं की पाण्याचा पेला नुसता दिसला तरी झटका येतो. वाऱ्याची झुळूक लागली तरी येतो. दोन झटक्यांच्या मधे माणूस पुष्कळदा शुद्धीवर असतो, घरच्यांना ओळखतो, बोलतो. पाचांतल्या एखाद्याला हे काहीच होत नाही. त्याचे हातपाय लुळे पडत जातात, आणि त्यामुळे रेबीज लक्षातच येत नाही.

मृत्यूनंतर मेंदू तपासला तर त्यात अपेक्षेइतकी पडझड सापडत नाही. पेशी बहुतांशी जागच्या जागी असतात. पण त्यांचं एकमेकींशी बोलणं बिघडलेलं असतं. श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब यांची घडी विस्कटते आणि आठ-दहा दिवसांत सगळं संपतं.

याच वेळी विषाणू मेंदूतून मज्जातंतूंच्या वाटेनं पुन्हा बाहेर येतो आणि लाळग्रंथींत भरतो. कुत्र्यात हे तिघांचं एकत्र जुळून येणं किती घातक आहे बघा: लाळेत विषाणू खच्चून भरलेला, गिळता येत नसल्यानं ती लाळ तोंडातून गळणारी, आणि मेंदू बिघडल्यानं दिसेल त्याला चावायची वृत्ती. लाळेत विषाणू आल्यावर कुत्रं सहसा दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतं. म्हणून चावलेलं कुत्रं पाळीव असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात. मात्र त्या दहा दिवसांसाठी लस थांबवायची नसते. लस त्याच दिवशी सुरू करायची. कुत्रं धडधाकट राहिलं तर पुढचे डोस कमी करायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

आधी कोण पोचतं

बहुतेक रोगांत लस आधी घ्यावी लागते. गोवर अंगावर उठल्यावर गोवराची लस घेऊन उपयोग नसतो. रेबीजमध्ये चावा बसल्यावर घेतलेली लस वाचवते, कारण हा विषाणू मज्जातंतूच्या लांब वाटेनं जातो आणि आपल्याला वेळ मिळतो. लुई पाश्चर यांनी हे हेरलं. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी जोसेफ मायस्टर या मुलाला सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली लस टोचायला सुरुवात केली. अंगावर चौदा जखमा होत्या, वय आमच्या पोराएवढंच, नऊ. दहा-अकरा दिवसांत १३ टोचण्या दिल्या आणि मुलगा जगला. ज्या जंतूशी लढाई होती तो पाश्चरना सूक्ष्मदर्शकात कधी दिसला नव्हता.

आपल्याकडं अजूनही ‘कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं’ हे वाक्य घट्ट बसलं आहे. ते डेव्हिड सेम्पल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांच्या लसीचं. हिमाचलमधल्या कसौलीला १९११ साली त्यांनी ती तयार केली, मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून आणि फिनॉलनं निकामी करून. तिनं असंख्य जीव वाचवले. पण मेंढीच्या मेंदूचे अंश अंगात गेल्यामुळे काहींचं शरीर स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटायचं, क्वचित अर्धांग व्हायचं. भारतात २००४ अखेर ती बंद झाली. आताची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर बनते आणि दंडात घेतात. सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेत दोन्ही दंडांवर थेंबभर टोचतात. पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत घ्यायची असेल तर १४ वा दिवसही असतो.

लशीत मेलेला विषाणू असतो. दंडातल्या पहारेकरी पेशी त्याचे तुकडे काखेतल्या गाठींपर्यंत नेतात. तिथं हजारो पांढऱ्या पेशींतून या काट्यांवर नेमकी बसणारी पेशी निवडली जाते, तिची फौज वाढते आणि प्रतिपिंडं रक्तात यायला लागतात. हीच प्रतिपिंडं विषाणूच्या काट्यांना लपेटतात, म्हणजे त्याला मज्जातंतूत शिरता येत नाही. या सगळ्याला सात ते चौदा दिवस लागतात. विषाणू त्याआधी तंतूत घुसला तर? आत घुसलेल्याला प्रतिपिंड गाठू शकत नाही. या पहिल्या आठवड्याचं काय, हाच खरा प्रश्न असतो.

आमच्या पोराच्या बाबतीत तो प्रश्न रात्री उभा राहिला. तालुक्याच्या दवाखान्यात लस मिळाली, दोन्ही दंडांवर टोचली, आणि सिस्टरनी घरी जा म्हणून सांगितलं. मी विचारलं, सिरम? ते संपलं होतं. सिरम म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, तयार प्रतिपिंडं. लसीकरण झालेल्या घोड्यांच्या किंवा माणसांच्या रक्तातून ती काढतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं प्रयोगशाळेत घडवलेलं एकाच जातीचं शुद्ध प्रतिपिंडही काढलं आहे. शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार होईपर्यंतचा आठवडा या उसन्या प्रतिपिंडांवर काढायचा असतो. जखमेतून रक्त आलेलं असेल तर लशीबरोबर सिरम लागतंच. ते चुकलं तर पहिल्या लशीपासून सातव्या दिवसापर्यंत घेता येतं, पण थांबायचं कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी पोराचे बाबा, मी आणि पोरगं जिल्ह्याच्या गावी गेलो.

सिरम दंडात देत नाहीत. ते जखमेत देतात. डॉक्टरांनी दाताच्या त्या दोन्ही भोकांच्या भोवती आणि आत, जागा बदलत बदलत सुई घातली. पोरगं ओरडलं, त्याच्या बाबांनी मान फिरवली. विषाणू जिथं आहे तिथंच प्रतिपिंडं ओतायची, त्याला तंतू सापडायच्या आत. याच कारणासाठी अशा जखमेला लगेच टाके घालत नाहीत. सुई-दोऱ्यानं विषाणू आणखी खोल, मज्जातंतूंच्या टोकांकडे ढकलला जाऊ शकतो. अगदी घालावेच लागले तर सिरम दिल्यानंतर, सैलसे. परतीच्या एसटीत पोरानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, “आता तो जिथं होता तिथंच त्याला घेरलंय.”

अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस चुकू नये म्हणून त्याच्या आजीनं कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचं बोट लावलं होतं.

जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजनं जातात असा अंदाज आहे, जवळजवळ सगळी कुत्र्याच्या चाव्यानं. माणसांना कितीही लसी टोचल्या तरी कुत्र्यांतली साखळी चालूच राहते. ती तोडायची तर एखाद्या भागातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस द्यावी लागते. मग पिसाळलेल्या कुत्र्याला चावायला लस नसलेलं दुसरं कुत्रं सहजी सापडत नाही. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. आपल्या शेजारी गोव्यात २०१३ नंतरच्या काही वर्षांत राज्य सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेनं ते करून दाखवलं. जाळ्या घेऊन गावोगाव फिरणारी पथकं, पकडलेल्या कुत्र्याला तिथंच लस, अंगावर रंगाची खूण आणि लगेच मोकळं. कुत्र्यांतला रेबीज सुमारे ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले.

जानेवारीत आमच्या गल्लीनं वर्गणी काढली आणि पशुवैद्यकांना बोलावलं. पोरांनी आधीच मोजून ठेवलं होतं, पंधरा कुत्री. संध्याकाळपर्यंत अकरांना लस झाली आणि अकरांच्या डोक्यावर हिरव्या रंगाचा ठिपका लागला. चार निसटली. त्यांतलं एक तांबूस आहे, ते ओढ्याकडेच असतं. आमचं पोरगं शाळेतून येताना हिरवा ठिपका नसलेली कुत्री मोजत येतं आणि पशुवैद्यक पुन्हा कधी येणार, हे मला रोज विचारतं.